गाठ इकतशी आहे!

बालीला काय, सगळेच जातात. पण तिथून विमानाने तास-दीड तासावर एक बेट आहे, जिथे एका कापडाला कधी कधी दोन वर्षं लागतात. आपल्या वॉर्डरोबमधल्या 'इकत'चं माहेर शोधत केलेल्या भटकंतीची ही गोष्ट...

तुमच्या कपाटात एक तरी इकत असणारच. कुर्ता असेल, स्टोल असेल, आईने घेतलेली पोचमपल्ली असेल. अगदीच काही नाही तर कुशन कव्हर तरी असेलच! कडा जराशा पुसट झालेले ते चौकोन आणि ती झिगझॅग नक्षी. फ्रायडे ड्रेसिंगला जीन्सवर घातलं की आपण एकदम 'एथनिक बट कूल' वगैरे दिसतो, असा आपला समज. माझाही होता.

त्या समजाला पहिला तडा दिला माझ्या आजीने.

दिवाळीत मी एका वेबसाइटवरून कुर्ता मागवला होता. बाराशे रुपये, खाली ठळक अक्षरात लिहिलेलं, 'हँडवोव्हन इकत'. मी तो मिरवत आजीसमोर उभी राहिले. आजीचं अर्धं आयुष्य इचलकरंजीत गेलंय, मागांच्या खडखडाटात. तिने नुसतं "बघू गं" म्हटलं, कुर्त्याचं टोक धरलं आणि उलटं केलं. आतून कापड पांढरट.

"हे छापलंय. विणलेलं नाही," आजी म्हणाली.

"अगं, पण तिथे हँडवोव्हन लिहिलंय!"

"लिहायला काय जातंय? सूत आधी रंगवलं असलं, तर रंग दोन्ही अंगांना दिसतो."

विषय संपला. आजी चकल्या करायला गेली आणि मी बाराशे रुपयांच्या दुःखात बसून राहिले. पण मास कॉम केलेल्या माणसाचं एक असतं. दुःख झालं की तो गूगल करतो. त्या रात्री मी 'इकत' हा शब्द शोधला आणि मला दुसरा धक्का बसला. हा शब्द आपला नाहीच!

इकत म्हणजे बांधणं

'इकत' हा मलय-इंडोनेशियन शब्द. 'मेंगिकात' म्हणजे बांधणं, गाठ मारणं. तंत्र आपल्याकडेही जुनंच आहे. पाटणचा पटोला, ओडिशाची संबलपुरी, तेलंगणातली पोचमपल्ली ही सगळी याच घराण्यातली. पण जगभर रुळलेलं नाव मात्र तिकडचं.

फंडा सोपा आहे. बांधणीमध्ये आपण तयार कापडाला गाठी मारतो आणि मग ते रंगात बुडवतो. इकतमध्ये गाठी कापडाला नाही, सुताला मारतात. म्हणजे कापड अजून जन्मालाही आलेलं नसतं, तेव्हा त्यावरचा घोडा कुठे उभा राहणार हे ठरलेलं असतं! जिथे गाठ, तिथे रंग शिरत नाही. मग गाठी सोडायच्या, नव्या मारायच्या, दुसऱ्या रंगात बुडवायचं. सगळं झालं की सूत मागावर चढवायचं आणि विणता विणता घोडा आपोआप उमटत जातो. रंग गाठीखाली किंचित झिरपतो, धागे विणताना केसभर सरकतात, म्हणून कडा पुसट दिसतात. आपण जिला 'इकत लुक' म्हणतो ना, ती ही केसभर चूक. आणि आता कंप्युटरवर ही चूकसुद्धा मुद्दाम डिझाइन करून छापतात!

योगायोग असा की आमच्या ग्रुपचा बालीचा प्लॅन शिजत होता. बाकीच्यांना पाच दिवसांची रजा, मी फ्रीलान्सर, म्हणजे माझी रोजच रजा. मी जाहीर केलं, "मी पुढे सुंब्याला जाणार."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला सुंभ का?" ग्रुपमधल्या एका महाभागाने विचारलं. तेव्हा मी त्याला उशी फेकून मारली. आता वाटतं, बिचारा चुकून अगदीच बरोबर बोलून गेला.

गोव्याच्या तिप्पट बेट

सुंबा बेट इंडोनेशियाच्या पूर्व भागात, फ्लोरेसच्या दक्षिणेला आहे. क्षेत्रफळ साधारण अकरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या तिप्पट. एके काळी इथलं चंदन परदेशी जायचं. चंदन जवळपास संपलं, पण इथल्या बुटक्या, चपळ घोड्यांना अजूनही 'सँडलवूड पोनी' म्हणतात.

मी एप्रिलमध्ये गेले. पाऊस नुकताच सरला होता आणि पूर्व सुंब्यातलं मुख्य शहर वाईंगापू सोडल्यावर दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्यांच्या लाटाच लाटा. ना मॉल, ना बीच क्लब, ना नेटवर्क. माझे ड्रायव्हर-कम-गाइड पन्नाशीचे होते. इथे पुरुषांना आदराने 'पाक' म्हणतात. मी दोन दिवस त्यांना "पाक, पाक" म्हणत होते आणि मनात मला सारखा गुलाबजाम दिसत होता.

खरी गंमत पुढे झाली. गावात शिरल्यावर पाक म्हणाले, "बाईंना 'मामा' म्हणायचं." तिकडे मामा म्हणजे आई, किंवा आईच्या वयाची कुठलीही बाई! आयुष्यभर लग्नात अंतरपाटाजवळ उभे राहणारे मामा पाहिलेल्या मला, लुंगीसारखं वस्त्र गुंडाळलेल्या साठीच्या बाईंना 'मामा' म्हणताना जाम हसू येत होतं.

गावाच्या मधोमध मोठमोठ्या दगडी थडग्या. त्यांच्याभोवती घरं. घराचं छप्पर मध्येच उंच उठून टोपीसारखं आभाळात गेलेलं. त्या उंच जागेत पूर्वजांचा वास असतो आणि घराण्याच्या पवित्र वस्तू तिथेच ठेवतात. आज सुंब्यातले बहुसंख्य लोक ख्रिश्चन आहेत, पण 'मारापू' ही पूर्वजांना मानणारी जुनी श्रद्धा अजून जिवंत आहे. थडगी गावाबाहेर नाहीत, अंगणातच आहेत. मुलं त्यांवर बसून अभ्यास करतात आणि बायका त्यांवर सूत वाळत घालतात.

मामांनी सगळ्यात आधी माझ्यापुढे काय केलं असेल? पानाचं तबक! खरंच. सुपारी, चुना आणि विड्याच्या पानाऐवजी त्याच कुळातल्या वेलीची हिरवी, शेंगेसारखी कणसं. 'सिरिह-पिनांग' दिल्याशिवाय तिथे पाहुण्याशी बोलणं सुरू होत नाही. मी चावून पाहिलं. कान गरम झाले, डोकं गरगरलं, तोंड लालभडक. मामा खूश!

रबर बँडचा हिशोब करून बघा

ओसरीवर एक लाकडी चौकट होती आणि तिच्यावर ताण्याचे म्हणजे उभे धागे ताणलेले. मामा त्यातले पाच-सात धागे उचलायच्या, ताडाच्या जातीच्या 'गेवांग' झाडाच्या पानाची बारीक पट्टी त्यांभोवती गुंडाळायच्या, ओढायच्या, गाठ. पुन्हा पुढचे धागे. पुन्हा गाठ. समोर ना कागद, ना ग्राफ.

"किती गाठी?" मी विचारलं.

मामांची धाकटी मुलगी हसली. ती कुपांगला कॉलेजात अकाउंटिंग शिकते. ईस्टरला घरी आली होती आणि इंग्रजी छान बोलत होती, म्हणून पाकचं काम वाचलं. "कोणी मोजत नाही. मोजलं तर पुढची मारवणार नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, मी एक ट्राय करते. मामांनी धागे दिले. माझी गाठ त्यांनी नखाने नुसती ढकलली आणि ती सरकली. सैल गाठ म्हणजे आत रंग शिरणार आणि घोड्याचा पाय गायब. दहा मिनिटांत माझी बोटं दुखायला लागली. मामा हे काम दिवसातून चार-पाच तास करतात, आणि एका मोठ्या वस्त्राच्या गाठी मारायलाच महिने जातात.

या वस्त्राला 'हिंगी' म्हणतात. पुरुषाचं वस्त्र, आणि ते जोडीने लागतं. एक कमरेला, एक खांद्यावर. बायकांचं नळीसारखं शिवलेलं वस्त्र ते 'लाऊ'. हिंगीच्या एका बाजूच्या टोकावर घोडे पाय वर करून उभे असतील, तर दुसऱ्या टोकावर तेच घोडे उलटे. अंगावर घेतलं की पुढून आणि मागून दोन्हीकडे सरळ दिसायला हवेत ना! दोन पट्टे विणून मध्ये शिवतात. दोन्हींचे धागे एकत्रच बांधलेले असतात, त्यामुळे नक्षी तंतोतंत जुळते.

विणकाम पाहून तर मी चाटच पडले. मागाला खांब नाहीत, पाय नाहीत. ताण्याचं एक टोक समोर अडकवलेलं आणि दुसरं मामांच्या कमरेला पट्ट्याने बांधलेलं. जमिनीवर पाय पसरून बसायचं, मागे रेललं की ताण वाढतो, पुढे झुकलं की सैल. म्हणजे बाई हाच मागाचा अर्धा भाग! आजीला इचलकरंजीत हे सांगितलं असतं, तर तिने चष्मा पुसून पुन्हा ऐकलं असतं.

निळा बायकांचा

घरामागे एक खोपटं होतं. मुलगी म्हणाली, "चल." मी पाकना हाक मारली, तर ते जागचे हलले नाहीत. सुपारी चघळत लांबूनच हात हलवला. निळीच्या जागी पुरुषांनी जायचं नसतं, ही जुनी रीत. काही गावांत आता सैल झालीय, पण पाकना रिस्क नको होती!

आत रांजण आणि वास. वास कसा? सडलेला पालापाचोळा, ओला चुना आणि आणखी काहीतरी. निळीचा पाला पाण्यात भिजवून आंबवायचा, त्यात शिंपले-प्रवाळ भाजून केलेला चुना घालायचा. मामांनी सुताची लडी बुडवून वर काढली. हिरवट पिवळी! मला वाटलं, बिघडलं. पण हवा लागली तसं सूत माझ्या डोळ्यांदेखत हिरव्याचं निळं होत गेलं. नीळ पाण्यात नाही, हवेत रंगते. शाळेत हे 'ऑक्सिडेशन' म्हणून शिकवलं असतं, तर केमिस्ट्रीत मला जरा बरे मार्क पडले असते. गडद निळा हवा तर हेच पुन्हा पुन्हा करायचं, दिवसचे दिवस. मामांचे हात कोपरापर्यंत निळे होते. ते धुऊन जात नाहीत.

बेटाच्या पश्चिमेकडच्या कोडी भागात जॅनेट हॉस्किन्स या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी निळीवर अभ्यास केला आणि १९८९ मध्ये त्यावर लिहिलं. तिथे निळीची विद्या आणि बाळंतपणाची, बायकी औषधांची विद्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. झाडपाला तोच, गुपितं तीच, जाणत्या बायकाही त्याच. कुठली मुळी कधी घालायची, हे आई फक्त मुलीला सांगते. म्हणजे या खोपट्यात रंगापेक्षा बरंच काही मुरत होतं.

लाल रंगाची गोष्ट आणखी लांब. तो कोरड्या दिवसांत करतात. हेल्थ शॉपमध्ये आपण नाक दाबून जो नोनी ज्यूस पितो ना, त्याच नोनीच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून हा लाल येतो. पण सूत त्याला सहज धरत नाही. आधी त्याला जंगली अक्रोडाच्या तेलात मुरवायचं, वाळवायचं. मग मुळाची साल कुटून त्यात 'लोबा' मिसळायचा. लोबा म्हणजे आपल्या आयुर्वेदातल्या लोध्राच्या कुळातलं झाड. त्यात नैसर्गिक अ‍ॅल्युमिनियम असतं आणि तेच रंगाला सुताशी बांधून ठेवतं. म्हणजे इथेही गाठच!

या लोब्यासाठी झाडांची साल सोलली जायची आणि झाडं मरायची. बालीतल्या उबुदमध्ये १९९८ पासून काम करणारी 'थ्रेड्स ऑफ लाइफ' नावाची संस्था आहे. पारंपरिक विणकर बायकांना ती बाजार मिळवून देते. तिच्याशी जोडलेल्या लोकांनी गळून पडलेली पानं वापरूनही तेवढाच पक्का रंग बसतो, हे पुढे आणलं. झाड जगलं, लालही जगला.

निळ्यावर लाल चढला की जवळपास काळा तपकिरी होतो. म्हणजे दोन रंगांत तीन छटा, आणि न रंगलेलं सूत धरलं तर चार.

"अरे, हा तर आपला पटोला!"

संध्याकाळी मामांनी कपाटातून एकेक वस्त्र काढलं. मुलगी समजावून सांगत होती. हा घोडा, मानाचा. हरणाची शिंगं, राजाची. मगर आणि कासव, तीही राजाचीच. कोंबडा, पहाटेचा. आणि हे झाड? फांद्यांना गोल गोल काहीतरी लटकलेलं. मला वाटलं, फणस. "शत्रूची मुंडकी," ती शांतपणे म्हणाली. पूर्वी लढाईत आणलेली मुंडकी गावातल्या झाडाला टांगायचे. ते झाड, 'आंडुंग', आजही कापडावर आहे. मी कुशन कव्हरवर हे घेतलं नाही, हे बरंच झालं.

मग डच राजमुद्रेवरचा सिंह निघाला. चिनी भांड्यांवरचे ड्रॅगनसुद्धा. डच नाण्यांवरून उचललेली राणी विल्हेल्मिनाही सुंब्याच्या कापडावर विणली गेलीय! जे जे जहाजातून आलं, ते ते या बायकांनी बघितलं आणि बांधलं.

आणि मग एका हिंगीच्या मधल्या पट्ट्यात मला ओळखीची नक्षी दिसली. आठ पाकळ्यांची फुलं, जाळीत बसवलेली. "हे काय?"

"पातोला रातू."

मी जवळजवळ उडीच मारली. पटोला! आपला, पाटणचा!

शतकानुशतकं गुजरातचे व्यापारी पटोले घेऊन या बेटांकडे यायचे, मसाल्यांच्या बदल्यात. सतराव्या-अठराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीला याची किंमत बरोबर कळली. स्थानिक राजांना खूश करायला ती पटोले भेट द्यायची. पटोला म्हणजे मान. फ्लोरेसच्या पूर्वेकडच्या लेंबाटा बेटावर काही घराण्यांनी जुने पटोले पवित्र वारसा म्हणून जपले. सुंब्यात पटोल्याची नक्षी 'रातू' म्हणजे थोरामोठ्यांची झाली आणि साध्या माणसाला ती वापरायची परवानगी नव्हती.

मी छाती फुगवून म्हटलं, "हे डिझाइन आमचं आहे!"

मुलीने मामांना सांगितलं. मामांनी काहीतरी विचारलं. मुलगी जरा संकोचली, मग म्हणाली, "आई विचारतेय, तुझ्या घरी कोण विणतं?"

कोणीच नाही. आजोबांचे यंत्रमाग कधीच विकले गेले. आणि माझ्या अंगावर छापलेला कुर्ता.

रात्री होमस्टेमध्ये पडल्या पडल्या मी डोकं खाजवत होते. यांनीही नक्षी उचललीच ना? मग माझ्या त्या वेबसाइटने काय वेगळं केलं? उत्तर मिळायला वेळ लागला, पण मिळालं. पटोल्यात ताणा आणि बाणा, दोन्हीकडचे धागे बांधून रंगवतात. सुंब्याच्या बायकांनी तीच फुलं फक्त ताण्यावर, आपल्या पद्धतीने, आपल्या निळीत बसवली. नक्षी त्यांनी बाहेरून घेतली, पण प्रत्येक गाठ स्वतः मारली. आम्ही मात्र नक्षी घेतली आणि नेमकी गाठच गाळली. वर 'हँडवोव्हन' लिहिलं!

तिगा जुता आणि एक कॅल्क्युलेटर

दुसऱ्या दिवशी मी शॉपिंगच्या मूडमध्ये गेले. ती पातोला असलेली हिंगी मला हवी होती. किंमत विचारली.

"तिगा जुता." तीन जुता. जुता म्हणजे दहा लाख! तीस लाख इंडोनेशियन रुपिया म्हणजे आपले साधारण सोळा हजार रुपये. आणि मी, तुळशीबागेत घडलेला पिंड, सवयीने म्हणून गेले, "अर्ध्यात द्या ना!"

मामा काही बोलल्या नाहीत. मुलीने मोबाइल काढला, कॅल्क्युलेटर उघडला. मला वाटलं, आता ती मधली किंमत सांगणार. पण ती अकाउंट्सची विद्यार्थिनी होती.

"सूत आणि बाकी सामान, चार लाख रुपिया. राहिले सव्वीस. बांधायला दोन महिने. निळा, लाल, विणणं सगळं धरून कामाचे दिवस एकशेतीस. सव्वीस लाख भागिले एकशेतीस." तिने स्क्रीन माझ्यासमोर धरला. वीस हजार रुपिया. आपले जेमतेम शंभर रुपये.

दिवसाचे. अर्ध्यात दिली असती तर सुताचे पैसे वजा जाता चाळीस-पंचेचाळीस रुपये.

पुण्यात ज्या कॅफेत बसून मी हे लिहितेय, तिथली कॅपुचिनो यापेक्षा महाग आहे. आणि 'फ्रीलान्सर्सना कोणी धड पैसे देत नाही' म्हणून गळा काढणारी मी, एका फ्रीलान्सर बाईशी घासाघीस करत होते.

"मग तुम्हाला परवडतं कसं?" मी खालच्या आवाजात विचारलं.

तिने दुसरा ढीग दाखवला. गिरणीचं सूत, पाकिटातला केमिकल रंग, लहान आकार, सोपी नक्षी. तीन आठवड्यांत तयार, पर्यटक पटकन घेतात. "माझी फी यातून जाते. लोक येतात आणि विचारतात, नॅचरल नाही का? मग नॅचरलची किंमत ऐकून हेच घेतात." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती फक्त हिशोब सांगत होती.

मग तो एवढा खटाटोप कोणासाठी? कारण सुंब्यात कापड आधी नात्यांसाठी असतं, विक्रीसाठी नंतर. लग्नात मुलाकडचे घोडे, म्हशी आणि धातूचे दागिने देतात. मुलीकडचे डुकरं आणि वस्त्रं देतात. आपल्या आहेरासारखंच, पण फरक असा की इथे आहेर 'रिसायकल' करायचा नसतो! कोणी किती वस्त्रं दिली हे पिढ्यान् पिढ्या लक्षात राहतं. आणि माणूस गेला की त्याला वस्त्रांत गुंडाळतात. एकात नाही, अनेकांत. राजघराण्यातल्या माणसाला तर थरांवर थर. मामा म्हणाल्या, पलीकडे पूर्वज कापडावरूनच ओळखतात, हा आपला.

शेवटी त्यांनी एक घडी काढली, पेटीच्या तळातून. उलगडली आणि मी किंमत विचारायचीच विसरले. असा लाल मी आधी पाहिला नव्हता, डाळिंबाचा आणि मातीचा मधला. घोडे, कोंबडे, मध्ये पातोला.

"याची...?"

"हे विकायचं नाही," मुलगी म्हणाली. "याच्या गाठी आणि निळा माझ्या आजीचा. ती गेली तेव्हा सूत तसंच राहिलं होतं. लाल आईने चढवला, विणलंही आईने. हे आईसाठी आहे. शेवटच्या दिवसासाठी."

मामा शांतपणे कापडावरची धूळ झटकत होत्या, आपण दिवाळीची साडी झटकावी तशा.

माझ्या लक्षात आलं, दोन्ही टोकांना नुसतेच धागे लोंबत होते. बाकी हिंग्यांना तिथे आडवी, बारीक विणीची किनार होती. तिला 'कबाकिल' म्हणतात. ती घातल्याशिवाय वस्त्र पूर्ण होत नाही.

"ही राहिलीय का?"

"ती मी विणायची आहे. आईने दोन वर्षांपूर्वी सांगितलंय." ती आईकडे बघून हसली. "मला येते. पण मी मुद्दाम विणत नाहीये."

मामांना इंग्रजी कळत नाही. पण मुलगी काय बोलली ते त्यांना बरोबर कळलं असावं. त्यांनी निळ्या हाताने तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

परतीचा आहेर

ती पातोला हिंगी मी घेऊ शकले नाही. सोळा हजार माझ्याकडे नव्हते आणि अर्ध्या किमतीत मागायचं तोंड उरलं नव्हतं. मी एक लहान, खांद्यावर घ्यायचं वस्त्र घेतलं, निळं, दोन घोड्यांचं. सात लाख रुपिया. सांगितले तेवढे दिले.

पुण्यात आल्यावर ते आजीच्या मांडीवर ठेवलं. तिने चष्मा लावला, टोक धरलं, उलटं केलं. घोडा या बाजूलाही निळा, त्या बाजूलाही निळा. तिने बोटाने वीण चाचपली, एका घोड्याच्या पुसट पायावर बोट फिरवलं.

मला वाटलं, आता विचारणार, केवढ्याला पडलं?

"किती दिवस लागले गं तिला?" आजीने विचारलं.

इकत घेताय? आधी उलटं करा!

* अस्सल इकत दोन्ही बाजूंनी जवळपास सारखंच दिसतं. उलट बाजू पांढरट किंवा फिकट दिसली, तर ते बहुतेक प्रिंट आहे.

* टोकाला सुटे धागे असतील तर ते बघा. एकाच धाग्यावर रंग बदलताना दिसला, म्हणजे सूत आधी बांधून रंगवलंय. प्रिंटमध्ये रंग फक्त वरवर बसलेला असतो.

* नक्षीच्या सगळ्या कडा धारदार आणि प्रत्येक फूल अगदी सारखं असेल तर संशय घ्या. हाताच्या कामात केसभर फरक येतोच.

* प्रिंट घेणं हा गुन्हा नाही. बजेट सगळ्यांचंच असतं. फक्त प्रिंटला 'प्रिंट' म्हणून विकावं आणि आपणही तसंच घ्यावं.

* हे फक्त बेटांवरच्या कापडाला लागू नाही. पोचमपल्ली किंवा पटोला घेतानाही विचारा, कुठे विणलंय आणि किती दिवस लागले. दुकानदाराला उत्तर आलं नाही, तर तेही एक उत्तरच असतं.